आण्णांचं घड्याळ आणि पाचवा अतिचार

दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो. त्यात व्रतं आहेत आणि त्या व्रतांना लागणारे अतिचार, म्हणजे बारीकसारीक दोष, आहेत. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे कान सरावलेत. खरं सांगायचं तर मन भलतीकडेच असतं, घरी गॅस बंद केला की नाही, उद्या पारण्याला काय करायचं. गेल्या वर्षी मात्र त्या दिवशी मी सावरून बसले. कारण त्याच आठवड्यात आमच्या आण्णांच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं होतं.

त्याचं असं झालं. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. लग्न ठरलं तसं त्याच्या मनात आलं की आजोबांच्या कपाटात आहे तसं जुनं ओमेगा घड्याळ आपणही लग्नात घालावं. नवं परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेलं शोधलं. एकाने पंचेचाळीस हजार सांगितले आणि दोन दिवस बघायला म्हणून थोडी आगाऊ रक्कम घेऊन घड्याळ हातात दिलं. भाचा बेळगावला आला तो ते घेऊनच. मला म्हणाला, "आत्या, आजोबांचं काढ ना. दोन्ही शेजारी ठेवून बघू. त्यांचं अस्सल आहे, त्यावरून याचं कळेल."

आम्ही दोन्ही घड्याळं घेऊन गावातल्या एका जुन्या घड्याळवाल्या मामांकडे गेलो. मामांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आधी पुण्याचं उघडलं. म्हणाले, "मशीन खरी आहे. डायल मात्र पुन्हा रंगवलेली. अक्षरं बघा कशी जाड आलीत. आणि मशीन पंचावन्न-साठच्या सुमारातली असून डायलवर खाली टी लिहिलाय. तो टी त्यानंतरचा." अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आणि आकड्यांना पूर्वी रेडियम लावत. १९६० नंतर त्याच्या जागी ट्रिटियम आलं आणि स्विस डायलवर त्याची खूण म्हणून टी हे अक्षर येऊ लागलं. खोटं करणाऱ्याला एवढं माहीत नव्हतं, किंवा घेणाऱ्याला माहीत नसणार याची खात्री होती.

मग मामांनी आण्णांचं घड्याळ उघडलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी भिंग काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. यात फक्त नाव ओमेगाचं आहे. मशीनवर नाव नाही, नंबर नाही. त्या काळात असा माल पुष्कळ यायचा."

ज्याच्यावरून दुसऱ्याची परीक्षा करायची तेच खोटं निघालं.

घरी येताना आम्ही दोघं गप्पच होतो. आण्णांचं खडेबाजारात कापडाचं दुकान होतं. गज मोजताना ते बोटभर कापड जास्तच सोडायचे, हे आजही जुनी माणसं सांगतात. अशा माणसाच्या कपाटात खोटं घड्याळ कसं आलं? आईला, तिच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हे सांगायचं का? ते मला सुचेना, म्हणून मी काही दिवस वाचत बसले. हाताशी आलं ते घड्याळांच्या नकलांबद्दल वाचलं. आणि कळलं, की ही गोष्ट फक्त आमच्या घरची नव्हे, चांगली तीनशे वर्षं जुनी आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनची घड्याळं जगात नावाजलेली होती. म्हणून तिथून रिकाम्या केस परदेशी जायच्या, त्यात हलक्या मशीन बसायच्या आणि वर लंडनच्या कारागिराचं नाव कोरलं जायचं. ते थांबवण्यासाठी इंग्लंडने १६९८ साली कायदा केला. मशीनशिवाय केस बाहेर पाठवायची नाही आणि घड्याळावर करणाऱ्याचं नाव-गाव हवं. त्याने नकला थांबल्या का? नाही. पुढच्या शतकात युरोपात बनलेल्या कितीतरी घड्याळांवर 'टार्ट्स, लंडन', 'सॅमसन, लंडन' अशी नावं सापडतात. जाणकार त्यांना आज 'डच नकला' म्हणतात. नाव इंग्रजी, घडण परकी.

त्या वेळचा लंडनचा सर्वांत मोठा कारागीर टॉमस टॉम्पियन. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. एक गिऱ्हाईक त्याचं नाव असलेलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलं. टॉम्पियनने बघितलं, ते खोटं होतं. त्याने ते तिथंच फोडलं आणि आपल्या हातचं एक खरं घड्याळ त्या माणसाला देऊन टाकलं. गोष्ट शब्दशः घडली असेल-नसेल, पण ती इतकी वर्षं टिकली याचा अर्थ लोकांना ती हवीशी वाटली. १७१३ साली टॉम्पियन वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, राजे-सरदारांच्या सोबतीला, जागा मिळाली.

पॅरिसचा अब्राहम-लुई ब्रेगे याच्यावर तर जिवंतपणीच नकलांचा पूर आला. त्याने १७९५ च्या सुमारास एक युक्ती काढली. डायलवर इतक्या बारीक रेषांनी सही कोरायची की समोरून दिसायची नाही. घड्याळ तिरपं धरून उजेड आडवा पाडला तरच ती दिसे. शिवाय प्रत्येक घड्याळाला क्रमांक, आणि तो कोणाला, कधी विकला याची वहीत नोंद. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. वाचताना मला आमच्या दुकानाची लाल चोपडी आठवली. पुढे १८८६ साली जिनिव्हाने आपल्या गावच्या उत्तम मशीनवर शिक्का मारायला सुरुवात केली, तीही याच भीतीपोटी. गावाचं नाव दुसरेच वापरत होते.

म्हणजे खोट्यावर उपाय तीनशे वर्षं तोच निघत आला आहे: नाव, नंबर आणि नोंद. आणि आमच्या आण्णांच्या घड्याळाला यातलं काहीच नव्हतं. पावती तर नव्हतीच.

पावती का नव्हती, याचं उत्तर आमच्या गावाच्या भूगोलात आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि १९५७ च्या सुमारास आयातीवर फारच कडक बंधनं आली. परदेशी घड्याळ सरळ मार्गाने मिळणं मुश्कील झालं. आणि बेळगावपासून थोड्या अंतरावर, घाटाखाली, गोवा होता. तिथं पोर्तुगीजांचं राज्य. सोनं, दारू, घड्याळं, सगळा परदेशी माल तिथं उतरायचा आणि रात्रीच्या वेळी जंगलवाटेने वर यायचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, पण परदेशी घड्याळाची हौस आणि चोरटी आयात दोन्ही पुढं पुष्कळ वर्षं चालली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात सोन्याच्या जोडीला घड्याळाचं नाव मुद्दाम घातलेलं आहे. जप्त झालेला असा माल चोरटा नाही, हे ज्याच्याकडे सापडला त्यानेच सिद्ध करायचं.

आता बघा, अशा बाजारात खोटं घड्याळ विकणं किती सोपं! घेणारा पावती मागणार नाही, कारण त्यालाच ती नको आहे. फसला तरी पोलिसांत जाणार नाही, कारण आधी स्वतःचं सांगावं लागेल. शेजाऱ्यालाही बोलणार नाही. आण्णांचं लग्न १९६० सालचं. घड्याळही तेव्हाचंच.

हे सगळं डोक्यात असताना सातवा अध्याय आला. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पंडितजींनी एकेक करून सांगितले. दुसऱ्याला चोरीला लावणं. चोरून आणलेला माल घेणं. राज्याचे नियम चुकवून व्यवहार करणं. देण्याघेण्याची मापं कमीजास्त ठेवणं. आणि पाचवा, प्रतिरूपक व्यवहार. खऱ्यासारखं दिसणारं खोटं खऱ्याच्या नावाने चालवणं. पूज्यपादांनी आपल्या सर्वार्थसिद्धी टीकेत कृत्रिम सोन्या-रुप्याने फसवण्याचा अर्थ दिलाय, असं पंडितजी म्हणाले. दीड हजार वर्षांपूर्वी मनगटी घड्याळ नव्हतं, एवढंच.

मला आजवर वाटायचं, हे पाच वेगवेगळे दोष आहेत, एकाखाली एक लिहिलेले. त्या दिवशी कळलं की ती एक साखळी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोषाच्या आडोशालाच पाचवा वाढतो. जिथं माल कुठून आला हे विचारायचं नसतं, तिथं माल काय आहे हेही कळत नाही.

रात्री मी आईजवळ बसले. म्हटलं, "आई, आण्णांचं घड्याळ मामांनी उघडलं होतं..." पुढं मला बोलावलं नाही.

आई म्हणाली, "खोटं म्हणाले की नाही?"

मी बघतच राहिले.

"तुझ्या आण्णांना ठाऊक होतं की. दोन वर्षांत बंद पडलं. हुबळीला दाखवलं तेव्हाच कळलं. माझी एक पाटली मोडून घेतलेलं होतं, सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदा दुकानातला एक ओळखीचा मागायला आला, चांगले पैसे देत होता. मीच म्हटलं, देऊन टाका, निदान पाटली सुटेल. तर म्हणाले, मी नियम मोडून घेतलं, मी फसलो. आता दुसऱ्याच्या गळ्यात कशाला? ते माझ्यापाशीच संपू दे."

म्हणून ते कपाटात होतं. आम्ही पोरं समजत होतो, किमती आहे म्हणून वापरत नाहीत. ते मनगटावर एचएमटी बांधून आयुष्यभर दुकानात गेले. टॉम्पियनने खोटं घड्याळ फोडलं. आण्णांनी नुसतं कुलूप लावलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं जुनं घड्याळ घ्यायचा बेत असेल, तर मामांनी सांगितलेलं आणि मी वाचलेलं थोडक्यात सांगते. मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि उघडणारा माणूस तुमच्या ओळखीचा हवा, विकणाऱ्याच्या नको. मशीनवर कंपनीचं नाव आणि नंबर आहे का, तो नंबर आणि केसवरचा नंबर एकाच काळातले आहेत का, ते ताडून बघा. साठ वर्षांच्या घड्याळाची डायल कालच रंगवल्यासारखी दिसली तर आनंद मानू नका, शंका घ्या. आपल्या मुंबईत जुन्या घड्याळांना नव्या भडक डायल चढवून विकण्याचा धंदा इतका चालतो की परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यात एचएमटीसुद्धा सुटलेली नाही. डबी आणि कागद असले म्हणजे झालं असंही नाही, कागदही बनवता येतात. आणि फारच स्वस्त मिळत असेल तर स्वतःलाच विचारा, हा माणूस आपल्यावर एवढा का प्रसन्न झाला?

मोठे लोकही यातून सुटत नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते घेतलं होतं खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं होतं आणि त्यात आपलीच काही माजी माणसं होती. ज्याचं नाव तोच फसला. तेव्हा फसण्यात लाज काही नाही. लाज असलीच तर फसल्यावर ते दुसऱ्याकडे सरकवण्यात आहे.

भाच्याने पुण्याचं घड्याळ परत केलं. आगाऊ दिलेले सगळे पैसे मिळाले नाहीत. मी त्याला म्हटलं, "हे घड्याळ पुढं दुसरा कोणी घेईल. त्या माणसाला तोंडावर सांगून ये, डायल रंगवलेली आहे म्हणून." तो सांगून आला. लग्नात त्याने आजोबांचं एचएमटी बांधलं. चावी दिली की अजून चालतं.

आण्णांच्या त्या दुसऱ्या घड्याळाच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. केव्हा घेतलं, कसं घेतलं आणि आत काय आहे, ते लिहून खाली सही केली. उद्या आमच्यामागे कपाट उघडणाऱ्याला कळलं पाहिजे. त्या घड्याळाला इतक्या वर्षांत मिळालेली ही पहिली पावती.