हँगर लेन ते मुलुंड : एका वायरची गोष्ट

हँगर लेनच्या चक्रात गाडी घेऊन कधीच अडकला नाही, असा ईलिंगकर सापडणं कठीण. पुढच्या वेळी अडकलात तर एक गोष्ट आठवा. याच हँगर लेनवर ‘पायोनियर वर्क्स’ नावाचा कारखाना होता आणि तिथे वूल्फ कंपनीची विजेवर चालणारी हत्यारं तयार होत. ड्रिल, ग्राइंडर, करवती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या घराघरांत पोचलेली ‘वूल्फ कब’ ही छोटी ड्रिल याच कंपनीची.

आता मुंबईला चला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत रॅलीज इंडिया या कंपनीने वूल्फशी हातमिळवणी केली आणि मुलुंडमध्ये ‘रॅलीवूल्फ’ उभी राहिली. तुमच्यापैकी कुणाचे वडील किंवा आजोबा सुतारकामात, फॅब्रिकेशनमध्ये किंवा कारखान्यात असतील, तर हे नाव त्यांना सांगून पाहा. बहुतेक ओळखतील. म्हणजे ईलिंग आणि मुलुंड यांचं नातं आपण इथे राहायला येण्याच्या आधीपासूनचं आहे.

पण आजचा विषय ड्रिल नाही, ड्रिलची वायर आहे. यंत्र एकाच घराण्यातलं, मात्र वायरच्या टोकाला मुलुंडमध्ये गोल पिनांचा प्लग आणि ईलिंगमध्ये चौकोनी पिनांचा. या फरकामागे मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर एखाद्याचा जीव वाचू शकतो.

रंधा, पटाशी, हातकरवत यांना वायर नव्हती. जर्मनीतल्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरून चालवायची विजेची ड्रिल बनवली. १९१७ मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. हत्यार हातात सुटसुटीत बसलं, पण त्याच्यामागे एक शेपूट आलं. सुताराच्या कामाच्या जागेत भुसा असतो, धारदार पाती असतात, जड लाकडं इकडून तिकडे जातात. त्या सगळ्यातून ती वायर फरफटत जाते. यंत्राची मोटर वर्षानुवर्षं टिकते. वायर मात्र मुठीपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटते, नाहीतर तिचं आवरण फाटतं. जुन्या ड्रिलचं अंग धातूचं असे. उघडी पडलेली तार त्या अंगाला लागली आणि अर्थिंग नसलं, तर काम करणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीकडे जायची.

ब्रिटनने या प्रश्नाचा विचार युद्ध चालू असतानाच केला. युद्धानंतर लाखो घरं बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. १९४२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने वीस जणांची समिती नेमली. त्यात एकच स्त्री होती, कॅरोलाइन हॅस्लेट. घरात वीज वापरणाऱ्या बायकांची आणि मुलांची सुरक्षितता हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. त्या समितीच्या कामातून १९४७ मध्ये आपला रोजचा तीन चौकोनी पिनांचा प्लग जन्माला आला.

हा प्लग अवजड आहे, अनवाणी पाय पडला तर ब्रह्मांड आठवतं. पण त्याची रचना नीट बघा. अर्थची पिन लांब असते. ती आधी आत जाते आणि बाकीच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते, त्यामुळे लहान मुलाला तिथे सहज काही खुपसता येत नाही. वायर खालच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून वायर ओढून प्लग काढायची सवय लागत नाही. आत अर्थची तार थोडी सैल ठेवतात, म्हणजे हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटावी.

आणि प्लगमध्ये फ्यूज असतो. तो कशासाठी? यंत्रासाठी, असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे तो वायरसाठी आहे. तांबं वाचवायला इथे घरभर एकच वर्तुळाकार वायरिंग फिरवलं गेलं आणि त्यावर ३० अँपिअरचा फ्यूज बसला. तो उडेपर्यंत टेबलावरच्या दिव्याची बारीक वायर जळून जाईल. म्हणून प्रत्येक वायरला प्लगमध्येच तिचा स्वतःचा राखणदार दिला. साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअर, त्याहून मोठ्या यंत्राला १३.

भारतात इंग्रजांच्या काळातला गोल पिनांचा प्लगच चालू राहिला. ५ आणि १५ अँपिअरचे ते प्लग आज ६ आणि १६ अँपिअरचे म्हणून मिळतात. त्यांत फ्यूज नसतो. तिथे वायरची राखण बोर्डावरच्या फ्यूजने आणि कारागिराने करायची. आणि कारागीर काय करतो, हे आपण पाहिलंय. प्लग तुटला की तारेची टोकं सोलून थेट भोकात घालायची आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची. काम होतं, पण अर्थ गायब.

ही गोष्ट ईलिंगमध्ये सांगायचं कारण आहे. भारतात आणि इथे वीज २३० व्होल्टचीच, त्यामुळे गावाहून आणलेली बाबांची ड्रिल इथे व्यवस्थित चालते. मग आपण प्रवासी अडॅप्टर लावतो. त्यातल्या अनेकांत अर्थ जोडलेला नसतो. आधी ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. असेल तर तिला दुहेरी इन्शुलेशन आहे आणि अर्थ लागत नाही. खूण नसेल आणि अंग धातूचं असेल, तर अर्थशिवाय ती अजिबात चालवू नका.

प्लग बदलणार असाल तर रंगही सांभाळा. जुन्या वायरीत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. पण जर्मनीत पूर्वी लाल तार अर्थची असे! हा गोंधळ संपवायला युरोपने तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी ठरवली आणि ब्रिटनने १९६९ च्या नियमांनी उपकरणांच्या वायरींसाठी ती स्वीकारली. जुनी वायर असेल तर अंदाज करू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आता शेडमध्ये काम करताना. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि ती वितळते. रिळावर दोन आकडे लिहिलेले असतात, गुंडाळलेल्या वायरीचा लहान आणि उलगडलेल्या वायरीचा मोठा, तो याचसाठी. वायर पात्याच्या मागून, खांद्यावरून येऊ द्या. पातं बदलण्याआधी प्लग काढा. काम झाल्यावर वायर यंत्राभोवती करकचून आवळू नका, मोठे सैल वेढे घालून खुंटीला टांगा. कापलेल्या वायरीला टेप लावून वेळ मारून नेऊ नका, वायर बदला.

ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बॅटरीवरची ड्रिल काढली आणि आज निम्मं काम बिनवायरीचं झालंय. हँगर लेनवर आता वूल्फची ड्रिल बनत नाही. पण गणपती जवळ आले की शेडमध्ये मखराची करवत सुरू होईल आणि एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं जोडलं जाईल. त्या वेळी आपल्या मुलांना जवळ बोलवा, प्लग उघडून आतला तो छोटा फ्यूज दाखवा आणि तो कुणाची राखण करतो ते सांगा. मुलुंडच्या कारागिराला ही राखण स्वतःच्या नजरेने करावी लागत होती. इथे प्लग मदतीला आहे, तरी नजर ठेवायचं काम आपलंच आहे.