तळटीप : ताइ-साबाकी

† मूळ लेखकाने येथे ‘बाजूस सरून’ एवढाच मोघम उल्लेख केला आहे. परंतु कराटेतील बचावाचे मर्म याच देहचालनात, म्हणजे ताइ-साबाकीत, असल्यामुळे थोडा खुलासा करणे अगत्याचे वाटते. ओकिनावात वाढलेली आणि गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ साली तोकियोत प्रात्यक्षिक करून जपानच्या मुख्य भूमीवर रुजविलेली ही विद्या प्रथम प्रहार न करण्याचा दंडक मानते. हेइआन मालिकेतील पाचही काता (ठरावीक हालचालींचे सराव-क्रम) बचावाच्याच हालचालीने सुरू होतात, तो याच दंडकाचा अंमल होय. तथापि केवळ हाताने आघात अडविणारा मनुष्य अधिक बलवान प्रतिस्पर्ध्यापुढे फार काळ टिकत नाही. उलट, मूठ येत असतानाच जो कणा सरळ व गुरुत्वमध्य खाली राखून, कमरेच्या वळणासरशी तिरपे पाऊल पुढे टाकतो आणि आघाताच्या रेषेतून आपला देह काढून घेतो, त्याच्या हातावर अल्पच भार पडतो, व प्रतिप्रहारास योग्य असे अंतर त्याला आयतेच लाभते. सरळ मागे हटणारा वाचतो खरा, पण ही संधी गमावतो. शिंदो योशिन-र्यू जुजुत्सूत मुरलेले फुनाकोशींचे शिष्य हिरोनोरी ओत्सुका (१८९२–१९८२) यांनी आपल्या वादो-र्यू संप्रदायात या तत्त्वाला जे अग्रस्थान दिले, ते आमच्या मते सर्वथा यथार्थ आहे. पुढील आकृत्या पाहताना वाचकाने हातांआधी पावलांची ठेवण न्याहाळावी, ही विनंती. — संपादक