स्क्रीन काळी झाली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका: लिनक्स संगणकाचा डिस्प्ले पायरीपायरीने कसा तपासावा

संगणकाचा पंखा फिरतो आहे, टॉवरवरचा दिवा लागला आहे, पण स्क्रीनवर काहीच नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण कधी ना कधी येतेच. मशीन दुकानात नेले की "फॉरमॅट मारावा लागेल" हे उत्तर अनेकदा ऐकायला मिळते. शाळेच्या कार्यालयाची गुणपत्रके, सोसायटीचा जमाखर्च, दुकानाची बिले, घरचे फोटो हे सगळे त्यात पुसले जाऊ शकते. वास्तविक काळ्या स्क्रीनचा आणि हार्ड डिस्कवरच्या फायलींचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. बिघाड चित्र दाखवणाऱ्या भागात असतो, फायली जागच्या जागी असतात.

हा विषय सध्या महत्त्वाचा आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने डेस्कटॉप त्या यादीत बसत नाहीत. अशा मशीनवर उबंटू किंवा लिनक्स मिंट फुकटात आणि कायदेशीरपणे टाकता येते. गोव्याला हे नवे नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशात वापरलेले संगणक इथल्या शाळांत आले आणि त्यांवर लिनक्स चालवला गेला. पेडणे, डिचोली, दोडामार्ग किंवा बांद्याच्या माणसाला टॉवर उचलून म्हापसा किंवा सावंतवाडी गाठण्यापूर्वी पुढची तपासणी घरीच करता येईल.

पहिला प्रश्न: कंपनीचा लोगो दिसतो का?

बटण दाबल्यावर सुरुवातीला मदरबोर्ड किंवा संगणक कंपनीचा लोगो येतो. तोसुद्धा दिसत नसेल, तर दोष लिनक्सचा नाही, कारण त्या क्षणापर्यंत लिनक्स सुरूच झालेला नसतो. तेव्हा आधी बाहेरच्या वस्तू पाहाव्यात. मॉनिटरचा दिवा लागतो का, केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का, मॉनिटरवर एचडीएमआय आणि व्हीजीए यांपैकी योग्य इनपुट निवडला आहे का, हे तपासावे. टॉवरमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाला लावायची असते. ती मदरबोर्डच्या पोर्टात लावली की स्क्रीन कोरी राहते, आणि ही चूक सर्रास होते.

पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेने रॅमच्या पट्ट्यांवर गंज धरतो. डिचोली-साखळी पट्ट्यात त्यात लाल धुळीची भर पडते. मशीन बंद करून, प्लग काढून, रॅम बाहेर काढावी, सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि रॅम पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवावी. एवढ्यानेही बरीच मशीन सुरू होतात.

लोगो दिसतो आणि त्यानंतर स्क्रीन काळी होते, असे असेल तर बहुधा दोष सॉफ्टवेअरचा असतो. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त चित्र येत नाही.

आधी फायली सुरक्षित करा

दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू किंवा मिंट तयार करून घ्यावे. बिघडलेले मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावे. त्यासाठी सुरुवातीला एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबावी लागते. ती कळ कंपनीनुसार बदलते. मेनूमध्ये उबंटूत 'सेफ ग्राफिक्स' आणि मिंटमध्ये 'कंपॅटिबिलिटी मोड' असा पर्याय असतो, तो निवडावा. इथे 'ट्राय' म्हणजे फक्त वापरून पाहणे. 'इन्स्टॉल' आणि त्यातही 'इरेज डिस्क' याला हात लावू नये, त्याने सगळे पुसले जाते.

यातून दोन कामे होतात. एक, हार्ड डिस्क उघडून फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढता येतात. दोन, निदान होते. पेनड्राइव्हवरून चित्र व्यवस्थित आले, तर मॉनिटर आणि कार्ड बहुधा ठीक आहेत आणि बिघाड डिस्कवरच्या लिनक्सच्या मांडणीत आहे.

कालपर्यंत चालत होते, अपडेटनंतर बंद पडले

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. अपडेटमध्ये नवा कर्नल येतो, पण उबंटू आणि मिंट जुना कर्नलही ठेवतात. मशीन सुरू होताना जुन्या मदरबोर्डवर शिफ्ट कळ दाबून धरावी, नव्यावर एस्केप एकदा दाबावी. ग्रब नावाचा मेनू येतो. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडावा. त्यावर डेस्कटॉप आला, तर नव्या कर्नलचे आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचे पटत नाही एवढाच अर्थ. पुढचा अपडेट येईपर्यंत जुन्यावरच काम चालवता येते.

ग्रब येतो, पण पुढे काहीच नाही

ग्रबमध्ये पहिल्या ओळीवर असताना ई हे अक्षर दाबावे. मजकूर उघडतो. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द असतात. त्यांच्यानंतर एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत, लहान लिपीत, सलग लिहावा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. मग एफ१० दाबावे. कर्नलने ग्राफिक्स कार्डाची मांडणी स्वतः करू नये, साध्या चित्रावर भागवावे, असा हा आदेश आहे. तो एका वेळेपुरताच लागू होतो, त्यामुळे काही बिघडत नाही. पण चित्र संथ आणि जाडेभरडे येते. हा शब्द कायमचा ठेवून देणे म्हणजे मोडलेल्या पायाला काठी देऊन प्लास्टर टाळण्यासारखे आहे.

खरा इलाज: ड्रायव्हर

इंटेल आणि एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, म्हणून त्यांची कटकट कमी. एनव्हिडियासाठी 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर असतो आणि कंपनीचा स्वतःचा वेगळा. उबंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला पर्याय निवडावा. संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने टाकू नये, पुढच्या कर्नल अपडेटला ती पुन्हा गोत्यात आणते. जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर चालत नाही, तिथे 'नूवो'वरच राहणे बरे.

सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाबरून 'कंटिन्यू' दाबले, की ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनच

पासवर्ड दिला की क्षणभर काळोख आणि परत तीच लॉगिनची पाटी. याचे एक साधे कारण म्हणजे डिस्क पूर्ण भरलेली असणे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर अक्षरी स्क्रीन येते. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन डी आणि एफ ही अक्षरे, मग जागा सोडून वजाचे चिन्ह आणि एच असे लिहावे. कोणता भाग किती टक्के भरला ते दिसते. १०० टक्के असेल, तर कचरा आणि जुने डाउनलोड काढल्यावर दार उघडते. तसे नसेल, तर उबंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या दातेरी चक्रावर क्लिक करून 'उबंटू ऑन झोर्ग' निवडून पाहावे. स्क्रीन रंगवण्याच्या वेलँड आणि झोर्ग या दोन पद्धती आहेत. जुन्या कार्डाला कधी कधी दुसरीच मानवते.

चित्र आहे, पण भलतेच मोठे

मॉनिटर स्वतःची मापे केबलमधून संगणकाला कळवतो. जुनी व्हीजीए केबल, तिची वाकडी पिन किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर मध्ये आला, की ही माहिती पोचत नाही आणि लिनक्स १०२४ बाय ७६८ अशा जुजबी मापावर थांबतो. सेटिंगशी झटापट करण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन

इथे ग्राफिक्सचा काही दोष नसतो. देवनागरी फॉन्ट नसला, की चौकोन दिसतात. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट सॉफ्टवेअरच्या यादीतून टाकला की काम होते. पण चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर ती फाइल श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटीसुरेखसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. मजकूर शाबूत असतो, तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. ग्रामपंचायती, शाळा आणि छापखान्यांतल्या जुन्या फायलींबाबत हा प्रकार हमखास होतो. "फाइल करप्ट झाली" म्हणून ती टाकून देऊ नये.

दुकानात न्यावेच लागले तर

चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: लिनक्सचे नाव आणि आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, शेवटचा बदल कोणता केला होता (अपडेट, नवा मॉनिटर, वीज जाणे), आणि स्क्रीन नेमकी कोणत्या टप्प्यावर काळी होते. स्क्रीनवर काही संदेश येत असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा. फायलींची प्रत आधीच काढलेली असली, की फॉरमॅट करायचा की नाही हे मालक ठरवतो. ती नसली, की ते दुकानदार ठरवतो.