दातांच्या स्कॅनवरून हाड किती मजबूत ते कळतं का? इम्प्लांट बसवण्याआधी हे वाचा

पडलेल्या दाताच्या जागी स्क्रूचा पक्का दात, म्हणजे इम्प्लांट, बसवायचा म्हटलं की डॉक्टर आधी जबड्याचा स्कॅन काढून आणायला सांगतात. रिपोर्टमध्ये हाडाच्या घनतेचा आकडा असतो, कधी नुसतं ‘डी 3’ किंवा ‘डी 4’ लिहिलेलं असतं. ते वाचून घरात चर्चा सुरू होते, ‘हाड कमजोर आहे म्हणे’. पण या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

आधी स्कॅन कोणता ते बघा. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच सपाट एक्स-रे. त्यात हाडाची उंची दिसते, रुंदी नाही. सीबीसीटी हा थ्रीडी स्कॅन. हाड किती मिलिमीटर रुंद, किती उंच, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते, हे सीबीसीटी चांगलं दाखवतं आणि त्यासाठी तो काढायलाच हवा. गडबड होते ती घनतेच्या आकड्यात.

‘डी 1’ ते ‘डी 4’ ही वर्गवारी अमेरिकेतले दंतवैद्य कार्ल मिश यांची. ‘डी 1’ म्हणजे सागवानासारखं घट्ट हाड, ‘डी 4’ म्हणजे पांगाऱ्याच्या लाकडासारखं पोकळ. पांगाऱ्यात स्क्रू पिळला तर तो किती धरेल हे सुताराला विचारायला नको. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड बहुधा असंच मऊ असतं, त्यामुळे तिथे ‘डी 4’ आलं म्हणून लगेच घाबरू नका.

या वर्गवारीचे आकडे मोठ्या सीटी स्कॅनच्या मापात आहेत. त्या मापात पाणी म्हणजे 0 आणि हवा म्हणजे उणे 1000. ‘डी 1’ 1250 च्या वर, ‘डी 4’ साधारण 150 ते 350. सीबीसीटीचं मशीन मात्र या मापाला बांधलेलं नसतं. त्याच माणसाचा तोच जबडा दुसऱ्या सेंटरवर दुसऱ्या मशीनमध्ये घातला की आकडा बदलतो. शेजारच्या दातावर धातूची कॅप असली तरी बदलतो. म्हणून दोन सेंटरचे आकडे शेजारी ठेवून ‘हाड सुधारलं’ किंवा ‘बिघडलं’ म्हणणं चूक आहे.

आकड्यातली थोडी चूकही महागात पडते. 1977 मध्ये कार्टर आणि हेज या संशोधकांनी दाखवलं, की हाडाची मजबुती घनतेच्या वर्गाप्रमाणे आणि ताठपणा घनाप्रमाणे बदलतो. घनता निम्मी झाली तर मजबुती चौथ्या हिश्शावर येते, आणि ताठपणा, म्हणजे दाबाखाली न वाकण्याची ताकद, आठव्या हिश्शावर. शिवाय हाडाची आतली जाळी कशी विणली आहे, बाहेरचं कवच किती जाड आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. सीबीसीटीवरून कॉम्प्युटरमध्ये जबड्याचं मॉडेल करून हा हिशेब मांडतात, पण तो आज मुख्यतः संशोधनातच.

खरी परीक्षा ऑपरेशनच्या वेळीच होते. ड्रिल करताना डॉक्टरांच्या हाताला हाड कळतं, स्क्रू किती जोराने पिळला गेला ते मोजता येतं. काही ठिकाणी कंपनावरून 1 ते 100 मध्ये पकड मोजणारं छोटं यंत्रही असतं. हाड मऊ निघालं तर डॉक्टर छिद्र थोडं कमी रुंद करतात, किंवा वर दात चढवण्याआधी जास्त महिने थांबतात. म्हणजे मऊ हाड म्हणजे इम्प्लांट होणारच नाही, असं नाही.

आयाबायांसाठी एक वेगळी गोष्ट. पाळी गेल्यानंतर काढलेल्या साध्या ओपीजीत खालच्या जबड्याच्या कडेचं कवच 3 मिलिमीटरपेक्षा बारीक किंवा कुरतडल्यासारखं दिसलं, तर कंबर-मणक्याची हाडंही ठिसूळ झाली असण्याची शक्यता असते. हा फक्त इशारा. खात्री डेक्सा तपासणीने होते, त्यात टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला की ऑस्टिओपोरोसिस धरतात.

आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्याआधीच दाताच्या डॉक्टरांना सांगा. या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याची जखम क्वचित भरत नाही. मिशरी, तंबाखू, बिडी, शुगर हेही लपवू नका. स्कॅनची सीडी किंवा फाईल मागून घ्या आणि जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर पुन्हा स्कॅनचे पैसे भरायला नकोत.