उत्प्रेरकी डीएनए व श्राव्यातीत ध्वनी

विशिष्ट रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या एकसरी डीएनए रेणूस उत्प्रेरकी डीएनए किंवा डीएनए-एंझाइम म्हणतात. सुमारे २०,००० हर्ट्‌झपेक्षा अधिक कंप्रतेचा ध्वनी मानवी कानास ऐकू येत नाही. तो श्राव्यातीत ध्वनी होय. या ध्वनीने डीएनए तोडण्याची रीत जुनी आहे; त्याच्या साहाय्याने डीएनएचे कार्य हव्या त्या जागी सुरू करणे मात्र अलीकडचे आहे.

डब्ल्यू. टी. रिचर्ड्‌स व ए. एल. लूमिस यांनी १९२७ मध्ये तीव्र श्राव्यातीत ध्वनीचे रासायनिक परिणाम वर्णिले. अशा ध्वनीमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन कोसळतात. त्या वेळी क्षणमात्र अत्युच्च तापमान व दाब निर्माण होतात आणि द्रवाच्या ओढीने लांब रेणू तुटतात. पॉल डॉटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये अशा रीतीने मिळालेल्या डीएनएच्या तुकड्यांचे गुणधर्म प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रविद्या विभागात अ. भा. पंडित व ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुड्यांच्या याच शक्तीचा उपयोग तेलांच्या जलीय विच्छेदनासाठी करून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा विभाग पुढे रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखला जाऊ लागला.

एंझाइमे म्हणजे प्रथिनेच, ही समजूत टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांच्या उत्प्रेरकी आरएनएवरील संशोधनाने मोडली. त्याबद्दल त्यांना १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॉनल्ड ब्रेकर व जेरल्ड जॉइस यांनी १९९४ मध्ये प्रयोगशाळेत निवडपद्धतीने पहिले डीएनए-एंझाइम मिळविले. ते शिशाच्या आयनांच्या सान्निध्यात आरएनए-बंध तोडते.

असे एंझाइम शरीरात सर्वत्र कार्य करू लागल्यास त्याचा वेध निरुपयोगी ठरतो. म्हणून त्यास कुलूप व किल्ली हवी. जर्मनीतील आखेन येथे आंड्रेआस हेरमान यांच्या गटाने लांब आरएनए शृंखलेत अडकविलेले प्रतिजैव औषध ध्वनीच्या ओढीने मुक्त केल्याचे २०२१ मध्ये दाखविले. अमेरिकेतील यी लू यांच्या गटाने २०२२ मध्ये निराळा मार्ग अवलंबिला. त्यांनी डीएनए-एंझाइमास पूरक सर जोडून ते निष्क्रिय ठेवले. केंद्रित श्राव्यातीत ध्वनीने उंदराच्या शरीरातील ठराविक भागाचे तापमान ३७° से. पासून सुमारे ४३° से. पर्यंत वाढविताच पूरक सर सुटली, एंझाइम क्रियाशील झाले आणि जस्ताच्या आयनांचे अस्तित्व अनुस्फुरणाने कळले.

प्रकाशापेक्षा ध्वनी ऊतकांत खोलवर पोहोचतो, हा या पद्धतीचा लाभ होय. तथापि अर्बुदे जाळण्यासाठीही केंद्रित ध्वनीच वापरतात. त्यामुळे किल्ली फिरविणारी ऊष्णता आणि ऊतकास इजा करणारी ऊष्णता यांमधील काही अंशांचे अंतर सांभाळणे, हीच या तंत्राची खरी कसोटी आहे.