परीक्षकाचीच परीक्षा

प्राध्यापकाच्या व्यवसायांत एक मोठी विसंगति आहे. प्रयोगशाळेंत चिमूटभर क्षार वजन केल्यावांचून घ्यावयाचा नाहीं, समकालीन कागद पाहिल्यावांचून तारीख मान्य करावयाची नाहीं, असा ज्याचा बाणा, तोच गृहस्थ स्वतःच्या शिकविण्याविषयीं मात्र केवळ समजुतीवर विसंबून राहतो. तास रंगला, मुलें शांत बसलीं, कांहींनीं टिपणें घेतलीं, म्हणजे विषय समजला असें तो धरून चालतो. पुढें परीक्षेंत उत्तरें फसलीं कीं दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा, नाहीं तर खालच्या शाळांचा. स्वतःचा वर्ग हाच संशोधनाचा विषय करावा, हें आम्हां अध्यापकांस सुचावयास फार उशीर लागला. ती कल्पना कशी रुजली याचा इतिहास मनोरंजक आहे आणि आमच्यासारख्यांस थोडा झोंबणाराहि आहे.

या पद्धतीस आज ‘कृतिसंशोधन’ म्हणतात. हें नांव विद्वानांत रूढ झालें तें मुख्यतः कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या १९४६ सालच्या एका निबंधामुळें. लेविन हा बर्लिन विद्यापीठांत शिकविणारा ज्यू पंडित; हिटलरच्या हातीं सत्ता गेली त्याच वर्षीं, म्हणजे १९३३ सालीं, त्यानें जर्मनी सोडून अमेरिकेचा आश्रय घेतला. त्याचा निबंध शिक्षणाविषयीं नव्हता. अल्पसंख्य समाजांच्या प्रश्नांविषयीं होता. बेत आंखावा, तो कृतींत आणावा, काय घडलें तें तपासून पाहावें आणि त्यावरून पुढचा बेत सुधारावा, अशी त्याची चढती सांखळी होती. कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयांतील स्टीफन कोरी यांनीं १९५३ सालच्या ग्रंथांत ती शाळांस लावून दाखविली. इंग्लंडांत लॉरेन्स स्टेनहाउस यांनीं १९७५ सालीं याहून पुढचें पाऊल टाकलें. अभ्यासक्रम सुधारावयाचा तर शिक्षकानेंच आपल्या वर्गाचा संशोधक झालें पाहिजे, आणि आपला शोध चारचौघांच्या टीकेसाठीं उघड मांडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

परंतु ही सारी चळवळ मुख्यतः शाळांची. विद्यापीठांतील व्याख्यानमंच तिच्यापासून बराच काळ उंचच राहिला. तो खालीं कसा आला हें दोन उदाहरणांवरून दिसेल.

पहिलें उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील बर्कलीचें. १९७५ च्या सुमारास यूरी ट्राइस्मन नांवाचा एक तरुण तेथें स्वतः शिकत असतांना कॅलक्युलसच्या अध्यापनाशींहि संबंधित होता. या विषयांत कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणांत नापास होत. कारण विचारतां अध्यापकवर्गाचीं उत्तरें ठरलेलीं होतीं: उत्साह नाहीं, पूर्वतयारी कच्ची, घरचें पाठबळ नाहीं, पैसा नाहीं. ट्राइस्मननें वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि तो त्यांच्यामागोमाग वाचनालयांत व त्यांच्या राहत्या जागींहि गेला. त्यास जें दिसलें त्यानें चारहि कारणें ढांसळलीं. पालकांची आस्था उत्कट होती. शाळेंत चमकलेले विद्यार्थीहि येथें बुडत होते. भेद निराळाच होता. चिनी मुलें एकट्यानें अभ्यास करून मग एकत्र जमत, उत्तरें ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. कृष्णवर्णीय मुलें अभ्यास एकीकडे व मैत्री दुसरीकडे, असें ठेवून दार लावून एकटींच झटत. चूक कोठें होते हें सांगणारें कोणी नसे. यावर ट्राइस्मननें सोपी उजळणी सुरू केली नाहीं. १९७८ सालापासून त्यानें कठीण गणितें एकत्र सोडविण्याचे वर्ग चालविले, आणि नापास होणाऱ्यांची संख्या झपाट्यानें उतरली.

दुसरें उदाहरण हार्वर्डचें. एरिक मझूर हे भौतिकशास्त्राचे लोकप्रिय अध्यापक १९८४ सालापासून तेथें शिकवीत होते. विद्यार्थी त्यांची वाखाणणी करीत व परीक्षेंत गुणहि बरे मिळवीत. १९९० सालीं त्यांच्या वाचनांत अ‍ॅरिझोनांतील हलून व हेस्टनीस यांचे लेख आले. वर्षभर न्यूटनचे नियम शिकूनहि विद्यार्थ्यांच्या मनांतील मूळच्या समजुती फारशा हालत नाहींत, असें त्यांत दाखविलें होतें. आमच्याकडे असें घडणार नाहीं, अशा विश्वासानें मझूर यांनीं तीच सोपी चांचणी आपल्या वर्गास दिली. अवजड मालमोटार व हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचें बल कोणावर अधिक, अशा जातीचे ते प्रश्न. उत्तर अर्थात् दोन्ही बलें सारखींच. तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, उत्तरें तुम्हीं शिकविल्याप्रमाणें लिहावयाचीं कीं आम्हांस वाटतें त्याप्रमाणें? या एका प्रश्नांत सर्व परीक्षापद्धतीचा निकाल लागला, असें आम्हांस वाटतें. निकाल हातीं आला तोहि विश्वासाला तडा देणाराच होता.

मझूर यांनीं चांचणीस दोष दिला नाहीं. पुढें ते व्याख्यान मध्येंच थांबवून एक प्रश्न टाकूं लागले; प्रत्येकानें आधीं आपलें उत्तर ठरवावयाचें, मग शेजाऱ्यास तें पटवून द्यावयाचें आणि पुन्हां उत्तर द्यावयाचें. या चांचणींत वर्षाच्या आरंभापासून जेवढी सुधारणा होणें शक्य, तिच्यापैकीं १९९० सालीं सुमारें पाव हिस्सा साधला होता. १९९१ सालीं जवळजवळ निम्मा साधला. वर्षानुवर्षांचे हे आंकडे त्यांनीं २००१ सालीं सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले, आणि स्टेनहाउस यांची दुसरी अटहि पाळली गेली.

ती अट महत्त्वाची आहे. स्वतःच्या वर्गाचा न्याय स्वतःच करणारा सहज स्वतःस निर्दोष सोडतो. एका वर्गाचा अनुभव सर्व वर्गांस लागू पडेलच असेंहि नाहीं. म्हणून मोजमाप आणि सहकाऱ्यांची टीका यांवांचून कृतिसंशोधन म्हणजे आत्मस्तुतीचा नवा प्रकार व्हावयाचा.

आमचीहि एक गोष्ट सांगून टाकतों. आम्ही इतिहास शिकवितों, आणि पानिपतावरील आमच्या व्याख्यानास दुसऱ्या वर्गांतील मुलेंहि येऊन बसत, याचा आम्हांस अभिमान होता. १७६१ च्या पराभवाचें मूळ रसदेच्या कोंडींत व मित्रांच्या अभावांत कसें होतें, हें आम्ही तासभर समजावून सांगत असूं. मझूर यांचा वृत्तांत वाचल्यावर एकदां तासाच्या शेवटीं पराभवाचें कारण चिठ्ठीवर लिहावयास सांगितलें. रात्रीं घरीं चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांनीं विश्वासराव पडल्याचें आम्हीं केलेलें वर्णन, आमच्याच शब्दांत, परत पाठविलें होतें. रसदेचा उल्लेख थोड्यांनींच केला होता. टाळी मिळाली होती ती कथेस. कारणमीमांसा वाऱ्यावर गेली होती.

पुढल्या वर्षीं आम्हीं वर्णन आंखडतें घेतलें, परस्परविरुद्ध मतांचे दोन उतारे देऊन मुलांस आपसांत वाद घालूं दिला. तास पूर्वीसारखा रंगला नाहीं. चिठ्ठ्या मात्र पूर्वीहून बऱ्या आल्या, सर्वच नव्हे. एवढ्यानें आम्हीं कांहीं मोठें साधलें असें नाहीं. पण तत्पूर्वींच्या पंचवीस वर्षांत आमच्या हाताखालून गेलेल्या मुलांस ‘अभ्यास करीत नाहीं’ म्हणून जे शेरे आम्हीं मारले, त्यांपैकीं किती शेरे आमच्याच नांवापुढें शोभले असते, हा प्रश्न त्या रात्रींपासून आमची पाठ सोडीत नाहीं.