शेणकाला, व्हॅसलिन आणि कोरडा पंप

विहिरीवरच्या पंपात शेणकाला ओतणारा शेतकरी आणि नुकत्याच बांधलेल्या इंजिनाच्या ऑइल पंपात व्हॅसलिन भरणारा मिस्त्री एकच काम करत असतात, हे एकदा डोक्यात शिरल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं आहे. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात हे दोघे एकमेकांपासून फार लांब नाहीत. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की एमआयडीसी, आणि ती मागे पडली की कपाशी.

आधी विहीर. सेंट्रिफ्युगल पंपाला हवा ओढता येत नाही. आतल्या पंख्याभोवती पाणी असेल तरच तो पुढचं पाणी खेचतो. तळाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे बोलीतला ‘फुटबॉल’, गळका असला की रात्रीतून पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी बादलीने पंप भरत बसावं लागतं. भरलेलं पाणी ठरतच नसेल तर शेण पाण्यात कालवून ओतायचं. शेणातला बारीक तंतू व्हॉल्व्हच्या वायसरखाली आणि ग्लँडच्या फटीत जाऊन बसतो आणि गळती तेवढ्यापुरती थांबते. एकदा धार लागली की तेच शेण पाटाने पिकाला जातं. नासाडी शून्य. या युक्तीवर कुणी पेटंट घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता इंजिन. जुन्या गाड्यांतला ऑइल पंप म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन दातेरी गिअर. ही कल्पना चारशे वर्षं जुनी असून ग्रहांच्या कक्षा मांडणाऱ्या केप्लरने ती पाणी उपसण्यासाठी लढवली होती. वाफेच्या इंजिनात दाबाने तेल खेळवायची पद्धत इंग्लंडात 1890 च्या सुमारास आली. फोर्डची मॉडेल टी मात्र 1908 मध्येही शिंतोड्यांवरच भागवत होती. हे टप्पे कुठल्याही पुस्तकात सापडतील.

थांबायला हवं ते 1883 मध्ये. ब्यूचँप टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून बेअरिंगच्या माथ्यावर त्याने भोक पाडलं, तर आस फिरताच तेल भोकातून उलट वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी गेज लावलं तेव्हा काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं दाबून त्यावर तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये याचं गणित मांडलं. इंजिनातला क्रँक आजही असाच तरंगतो. पंपाचं काम बेअरिंगच्या तोंडाशी तेल पोचवण्याचं, एवढंच.

नव्याने बांधलेल्या इंजिनात नेमकं तेवढंच झालेलं नसतं. क्रँक ग्राइंड झालेला, बेअरिंगचे शेल नवे, रिंगा नव्या, पण फिल्टर रिकामा, तेलाच्या वाटा रिकाम्या आणि पंप कोरडा. गिअर आणि पंपाची बॉडी यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फट असते. तिच्यात तेल असेल तर ती बंद, नसेल तर हवा तिथूनच मागे फिरते. चेंबरमधलं तेल वीतभर खाली असतं, तरी वर येत नाही. बांधताना शेलवर लावलेलं तेल थोडे फेरे टिकतं, मग धातूला धातू. इथल्या एका मिस्त्रींचं सांगणं सोपं आहे: “पयले पंपाचा घसा ओला करा, मंग हँडल मारा.” घसा ओला करायला ते पंप उघडतात आणि गिअरच्या दात्यांत व्हॅसलिन ठासून भरतात. व्हॅसलिन फट बुजवतं, पंप पहिल्याच फेऱ्यांत ओढ घेतो, मागून तेल येतं. मग प्लग काढून, इंजिनावर भार न टाकता, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत ते फिरवायचं.

व्हॅसलिनच का? इथे कुळकथा अचानक रंगते. 1859 मध्ये अमेरिकेत टायटसव्हिलला खनिज तेलाची विहीर लागली. रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ ती पाहायला गेला. तिथले कामगार एका चिकट मेणाला वैतागले होते. ते पंपाच्या दांड्यांना चिकटे आणि काम अडवी. मात्र भाजलं-कापलं की तेच मेण ते जखमेला लावत. चेसब्रोने ते शुद्ध केलं आणि 1872 मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. म्हणजे पंपाला जाम करणारी वस्तू औषधाच्या दुकानातून फिरून शेवटी पंपालाच चालू करायला परत आली!

पण तिला पंपात परत आणलं कुणी? पुस्तकी पक्ष म्हणतो, कंपनीच्या मॅन्युअलने. ब्यूकचं 1961 चं ॲल्युमिनियमचं व्ही-8 इंजिन, जे पुढे रोव्हरने घेतलं, त्यात पंप चेंबरच्या बराच वर, पुढच्या कव्हरात बसवलेला होता. तेल खाली उतरून जाई, म्हणून पंप उघडला की पेट्रोलियम जेली भरा अशी सक्त सूचना असे. (फुटबॉल नसलेली विहीरच ती.) मला हा पक्ष आमच्या भागापुरता पटत नाही. ब्यूक आणि रोव्हर या रस्त्यावर कुणी पाहिल्या? इथे धावल्या त्या जीप आणि अँबॅसेडर. त्यातही जीपचा ऑइल पंप ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला असतो. तो काढून त्यात तेल ओतलं तरी भागतं, जेलीची गरज नाही.

माझा तर्क विहिरीकडे जातो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये पुण्यात निघाली आणि पुढे मोटेच्या जागी इंजिन-पंप आले. ते दुरुस्त करणारे हातच तालुक्याच्या गावी जीपही खोलत. फट बुजवल्याशिवाय ओढ येत नाही, हे त्या हातांना शेणकाल्याने आधीच शिकवलं होतं. शेण इंजिनात घालता येत नाही, म्हणून तसंच दुसरं काही शोधलं गेलं. माझा एक मित्र म्हणतो, महायुद्धानंतर लष्करी जीपांबरोबर फौजेत शिकलेले मेकॅनिक आले, त्यांनीच हे आणलं. असेल. पण मग त्याच गॅरेजात कधी व्हॅसलिनऐवजी ग्रीस का भरलं जातं? फौजेची शिस्त असती तर ही चूक झाली नसती. व्हॅसलिन साठेक अंशांच्या आत वितळतं आणि स्वतः पेट्रोलियमच असल्याने ऑइलमध्ये मिसळून जातं. साबणाच्या पायावर बनलेलं ग्रीस तसं विरघळत नाही, ते फिल्टरमध्ये आणि बारीक वाटांमध्ये अडकतं. ग्रीस भरणाऱ्याला ‘फट बुजवायची’ एवढंच ठाऊक असतं आणि ते ज्ञान विहिरीवरचं आहे. माझ्याकडे कागद नाही, पण या चुकीतून मिळणारा पुरावा मला कागदाहून बळकट वाटतो.

आजच्या बऱ्याच इंजिनांत पंप थेट क्रँकवर बसतो, तो पुन्हा उघडणं सोपं नाही. तिथे प्रेशर स्विच काढून त्या भोकातून दाबाने तेल भरतात. यासाठी तयार टाक्या मिळतात, पण अमेरिकेतले हौशी मेकॅनिक हवा भरायचा, बागेत फवारणीला वापरतात तो पंपच घेतात. नोझल काढून तिथे नळी जोडायची, तेल थोडं कोमट करायचं, म्हणजे ते सहज सरकतं. कपाशीच्या या जिल्ह्यात फवारणीच्या पंपांना तोटा नाही. फक्त पंप कोरा घ्यावा. कीटकनाशक भरलेला धुऊन वापरू नये, ते ना इंजिनाच्या हिताचं, ना नळी जोडणाऱ्याच्या.